पंचनाम्याची भाजी

माझ्या सासूबाई महादेवाला भीत, सरकारला भीत नसत. त्या दोघांचं एकदा आमच्याच परसात वाजलं आणि मधल्या मध्ये आमच्या ह्यांची नोकरी जायची वेळ आली.

मी घाटावरची. लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या ह्या वाडीत आले, तेव्हा घरात माणसं तीन आणि गाय एक. हे शाळेत मास्तर. गाय मारकी, सासूबाईंशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नसे. मला तर ती लांबूनच ओळखून लाथ तयार ठेवी. शेजारी चुलतदीर, आणि मध्ये जांभ्या दगडाचा गडगा. तो गडगा आमच्या बाजूला हातभर सरकवायचा असं चुलतदिरांच्या मनात फार दिवस होतं. सासूबाई तिथं उभ्या राहून म्हणत, "सरकव तर, बघू!" दोन घरांचं बोलणं म्हणजे एवढंच.

सासूबाई एकदा काशीला जाऊन आल्या होत्या. गंगेचं पाणी सगळेच आणतात. सासूबाईंनी पदराच्या गाठीला बी बांधून आणलं. दर पावसाळ्यात गडग्यालगत अंबाडीची ओळ लावायची आणि तिच्या कोपऱ्यात हे काशीचं एक झाड. पानं दोन्हींची सारखीच, बोटं फाकल्यासारखी, काठाला करवती. दर सोमवारी त्याचं एक पान बेलाबरोबर महादेवाच्या पिंडीवर जाई. ते झाड भांगेचं, हे मला वासावरून पहिल्याच वर्षी कळलं. मी भीत भीत म्हटलं, "सासूबाई, हे लावायला परवाना लागतो म्हणे."

"लागत असेल माणसांना," त्या म्हणाल्या. "महादेवास कसला गो परवाना?"

ह्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ह्यांना पालेभाजी ताटात आल्यावरच ओळखू येई.

पुढे मुंबईत आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं आणि दारूबंदीचं वारं सुटलं. गावोगाव सभा झाल्या. एका सभेत आमच्या ह्यांनी व्यसनांवर असं भाषण ठोकलं की माडी काढणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. आबकारीवाल्यांच्या अंगात मात्र खरंच वारं शिरलं. ताडामाडांवरचे परवान्याचे नंबर तपासत फिरणारी माणसं आता परसापरसातून डोकावू लागली. चुलतदिरांना हवी होती ती संधी मिळाली. त्यांनी कचेरीत जाऊन सांगितलं, मास्तरांच्या परसात गांजा आहे.

गणपती गेल्यानंतरची ती सकाळ. पावसानं उघडीप दिली होती. आबकारीचे इन्स्पेक्टर दारात उभे राहिले, मागे एक शिपाई. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तराच्या परसात गांजा निघाला, तर दंडाचं सोडा, दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊल टाकता आलं नसतं, आणि आमचं पोट त्या शाळेवर. सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. सरकारला न भिणारी ती बाई मुलासाठी भ्यालेली मी पहिल्यांदा पाहिली. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, की सांगत होते तेव्हा का नाही ऐकलंत!

पंच म्हणून दोन माणसं हवी होती. एक देवळाचे गुरव आले. सोमवारचं ते पान पिंडीवरून उतरल्यावर कुठे जाई, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं; त्या दिवशी ते अंबाडीच्या ओळीकडे पाठ करून बसले. दुसरे पंच चुलतदीर, स्वतःहून. त्यांनी गडग्यावरून बोट दाखवलं, "साहेब, तां कोपऱ्यातला झाड बघा."

साहेबांनी कोपऱ्याकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "सगळी उपटा."

"अहो, सगळी कशास? बाकी अंबाडी हा!" चुलतदीर ओरडले.

"संशय आला की सगळी," साहेब म्हणाले. शिपायानं ओळच्या ओळ उपटली आणि अंगणात एक भला मोठा भारा टाकला. मी मनात म्हटलं, ह्या शहाण्यानं गांजा पुडीत पाहिला असेल, झाडावर नाही. असले शंख कुठून भरती करतात कोण जाणे.

साहेब ओटीवर बसले आणि म्हणाले, नमुना मुंबईला तपासायला धाडावा लागेल, निकाल येईपर्यंत मास्तरांनी शाळेत जाऊ नये. हे मटकन पायरीवर बसले. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"मुंबईस कशाला धाडता हो? अंबाडी असली तर आंबट लागेल. चुलीवर चढवते, पंचांनी खाऊन सांगावं."

साहेबांनी जरा विचार केला. "चालेल," ते म्हणाले.

असा पंचनामा ना आधी कधी झाला, ना नंतर. सासूबाई सगळ्यांसमोर पाय पसरून भाजी निवडायला बसल्या. बोटं भरभर चालत होती. कोवळी पानं सुपात, आणि अधूनमधून एखादी डहाळी बाजूच्या टोपलीत. चुलतदीर मान लांब करून बघत होते. "काकू, ती पानां वेगळी का?"

"जून आहेत मेली. गाईस होतील."

"साहेब, बघा हां, ती पानां..."

"पंचांनी पंचासारखं बसावं," साहेब म्हणाले. मला वाटलं, ह्याला भूक लागली आहे.

टोपली भरल्यावर सासूबाईंनी ती माझ्या हातात दिली. "जा, घाल गाईस." टोपलीला वास होता तो अंबाडीचा नव्हता. गाईनं मात्र लाथ उगारायच्या आधी टोपलीत तोंड घातलं आणि पान न् पान फस्त केलं. उरलेल्या काड्या सासूबाईंनी दोरासाठी वाख काढायला पाण्याच्या दोणीत भिजत टाकल्या, अंबाडीच्या आणि काशीच्याही.

भाजी झाली. चातुर्मास, म्हणून लसूण नाही. नुसती मोहरी-मिरचीची फोडणी आणि तांदळाच्या कण्या. बरोबर तांदळाची भाकरी. गुरवांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. साहेब सावकाश जेवले. चुलतदिरांनी चव बघण्यापुरती घेतली, मग परत मागितली, मग तिसऱ्यांदा. गडग्याच्या भांडणापायी काकूच्या हातची अंबाडी त्यांना किती वर्षांत मिळाली नव्हती! सरकारजमा व्हायचा मुद्देमाल पंचांच्या पोटात गेला, आणि तिघांनी मिळून सही केली की झाडं अंबाडीची असून भाजी आंबट आहे.

ह्यांना एकदम धीर आला. साहेबांना सत्यावर चार शब्द ऐकवायला ते उभे राहत होते. मी त्यांचा सदरा मागून धरला.

साहेब निघाले. सासूबाई त्यांना बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, पोचवायला गेल्या, मागून मी. तिथं साहेब थांबले आणि हळूच म्हणाले, "आजी, गाईचं दूध दोन दिवस घरात वापरू नका. आणि येत्या सोमवारपासून महादेवाला नुसता बेल वाहा. माझ्या आईचंही काशीला जाणं झालंय."

काशीचं झाड भाऱ्यात हरवावं म्हणून साहेबांनी सगळी ओळ उपटवली, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी मनातल्या मनात त्या माणसाच्या पाया पडले. घरात आल्यावर सासूबाई चुलीपाशी बसून रडल्या. "माझ्या पोराची नोकरी मी घालवली असती गो," म्हणाल्या. पुन्हा त्यांनी ते बी कधी पेरलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाय डोळे अर्धे मिटून उभी होती. मी धार काढली, शेपटीसुद्धा हलवली नाही तिनं. पण दूध ओतून टाकणं काही सासूबाईंच्या जिवाला झेपेना. त्यांनी तांब्या भरून माझ्या हातात दिला. "भावोजींस दे जा. पंच म्हणून फार श्रम झाले हो त्यांना."

संध्याकाळी चुलतदीर गडग्याला टेकून उभे होते. चेहरा गुळासारखा. मला म्हणाले, "वहिनी, हातभर हयसर असला काय नि तयसर असला काय, गडगा तो गडगाच!" आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

हे ओटीवरून ऐकत होते. रात्री जेवताना मला म्हणाले, "पाहिलंस? सत्यापुढे माणूस कसा नमतो ते."

मी त्यांच्या पानात भात वाढला. पुढे संसार करायचा होता.