भिरंडेल घातलेला खडू

"मॅडम, पुढच्या बुधवारी शेवटचं. मग नाही येत आम्ही."

तन्वीच्या आईने पिशवी भरता भरता सांगितलं. खारेपाटणच्या पुढचं गाव, दोन एसट्या बदलून कुडाळचं आमचं सेंटर, आणि दोन महिन्यांत मुलगी साधा खडूही धरत नाही. आईचं चुकत नव्हतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे बटण लावणं, चमचा धरणं अशी रोजची कामं हाताला शिकवणारी. तन्वी पाच वर्षांची, उजवा हात जन्मापासून अशक्त. तिच्या मुठीतून खडू निसटायचा, नाहीतर मोडायचा. तळहातात बसेल असा जाड खडू हवा होता. सेंटरच्या सरांना विचारलं.

"मागणी पाठवली आहे."

"कधी येतील?"

"पाठवली आहे ना."

म्हणून रविवारी घरीच बसले. मोडके मेणखडू वर्षभर साठवले होतेच. वहीत यादी केली आणि यादीप्रमाणे कामाला लागले. तुकडे कोमट पाण्यात भिजवून त्यांचे कागद सोलले, कोरडे केले, लाल वेगळे काढले. पातेल्यात पाणी, पाण्यात जुना डबा, डब्यात तुकडे. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पेट घेतं. साचा म्हणून कोटिंग गेलेलं आप्पेपात्र. मेण कमी पडलं. मेणबत्त्या वितळवून केलेला पांढरा गोळा फडताळात होता, तो टाकला. फ्रिजमध्ये खडू छान घट्ट झाले. शेवटच्या कामावर टिक केली आणि आडवी झाले. कंबर धरली होती.

बुधवारी निघताना सासूबाई फडताळासमोर उभ्या.

"गो, माझां भिरंडेल खंय गेलां?"

भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. थिजलं की पांढरा, मेणासारखा गोळा होतो. टाचांच्या भेगांना लावतात, कारण अंगाच्या उबेने ते विरघळतं. माझा मेणाचा गोळा फडताळात मागे तसाच होता. खडूंत गेलं होतं ते भिरंडेल.

"आता टाचांक काय लावू? तुझे खडू?"

पुन्हा करायला वेळ नव्हता. तेच खडू घेऊन एसटी पकडली.

तन्वीने खडू घेतला. सुटला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला. एप्रिलचा उकाडा होता. तिसऱ्या वेळी तो मऊ पडला होता. बोटं त्यात रुतली आणि तो हातात राहिला. तिने कागदावर ओढला. तेलकट, फिकट गुलाबी पट्टा उमटला.

आईने कागद उजेडाकडे धरला. "रंग काय दिसणा नाय, मॅडम." मग मुलीच्या मुठीकडे बघत राहिली. "पण धरल्यान."

मी तो खडू हलकेच सोडवून घेतला. चार बोटांच्या चार खोबणी पडल्या होत्या. बर्फाच्या पिशवीत ठेवून कडक केला. हाताला आधार देणाऱ्या पट्ट्यांसाठी सेंटरमध्ये प्लास्टर असतं, त्यात दाबून साचा घेतला. आईला म्हटलं, अजून एकच बुधवार या. तिने गुलाबी पट्ट्याचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

आठवडाभर पुन्हा सोलणं, पुन्हा वितळवणं. या वेळी त्या प्लास्टरच्या साच्यात, भिरंडेल न घालता, नुसतं मेण.

बुधवारी दोघी आल्या. तन्वीची बोटं खोबणींत बसली. रेघ वाकडी आली, पण लाल आली. आईने विचारलं, "पुढच्या बुधवारी किती वाजता?"

सरांची मागणी अजून पाठवलेलीच आहे. फडताळातल्या प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी लावली आहे. सासूबाई चिठ्ठी वाचत नाहीत, झाकण उघडून वास घेतात. आता मीही आधी वास घेते.