इंदिरानगरची बाय-टू

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येणारी कुठलीही बातमी मी खरी मानत नाही. तिथे कारल्याच्या रसाने मधुमेह पळतो आणि अमावस्येला मोबाइल बंद ठेवला की घरात शांती नांदते. त्यामुळे त्या सकाळी ‘दत्ताअण्णा गेले’ असं वाचलं आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, तेव्हाही मी आधी शंकाच घेतली. आदल्याच रविवारी अण्णांनी मला फोनवर झापलं होतं, “शकू, येत नाहीस हल्ली, आमची कॉफी कडू लागते काय?” असा माणूस एकाएकी जातो कसा? खात्री करून घ्यायला मी थेट अण्णांच्याच मोबाइलवर फोन लावला. तो लगेच उचलला गेला आणि मी मोठ्याने म्हणाले, “बघा, मला वाटलंच होतं, हे ग्रुपवरचे लोक म्हणजे...” पलीकडे विनायक होता, अण्णांचा मुलगा. “ताई, खरं आहे,” एवढंच तो म्हणाला. अण्णा झोपेतच गेले होते.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्रांच्या अशा पुरवण्यांतून गेलेल्या माणसांवर लिहिलेलं मी आवडीने वाचते आणि त्यातल्या निम्म्यावर विश्वास ठेवत नाही. मेलेलं म्हातारं माणूस एकदम देवमाणूस कसं होतं, हे मला कधी उलगडलेलं नाही. तेव्हा आधीच सांगते, अण्णा देवमाणूस नव्हते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक संशय होता, चांगला वर्षभर होता, आणि ज्याच्याविषयी तो होता तो माणूसच निघून गेल्यावर त्याचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

दत्ताअण्णा माझे धाकटे काका. बंगळूरच्या चामराजपेटेत आमच्या घराण्याचं जुनं कॉफीचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, चार बाकं, एक पितळी भांडं आणि भिंतीवर देवांच्या तसबिरी. वडिलांनी सरकारी नोकरी धरली, अण्णांनी हॉटेल धरलं. अण्णांचे कान इतके तिखट होते, की ते बाहेर रस्त्यावर कुणाशी बोलत उभे असले तरी आत दूध वर आलेलं त्यांना ऐकू यायचं. “उतू चाललंय!” असं ते रस्त्यावरून ओरडायचे आणि खरोखरच ते उतू चाललेलं असायचं. आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची त्यांना खडान्‌खडा माहिती. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, मुलीचं कुठे जमलं का, भावाभावांचं बोलणं सुरू झालं का... कॉफी हातात पडेपर्यंत माणसाचा पुरा जबाब घेऊन व्हायचा. आमच्याकडे बाय-टू फार जायची. बंगळूरच्या लोकांना हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते: एक कॉफी मागवायची आणि दोन पेल्यांत अर्धी-अर्धी करून घ्यायची. दुपारी गर्दी ओसरली की अण्णा आणि काकूही अशीच एक बाय-टू घेत. काकू स्वयंपाकघराच्या दारात, अण्णा गल्ल्यावर. दोघं एकमेकांकडे बघतही नसत. अण्णा त्यांना हाक मारत ती “अगं” नाहीतर “विनूची आई”. रुक्मिणी हे काकूंचं नाव मी अण्णांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही.

नावाचा विषय निघाला आहे तर माझंही सांगते. मी माहेरची शकुंतला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, अनघा, आणि त्या दिवसापासून बँकेत, ऑफिसात, सासरी, शेजारी मी अनघाच आहे. नाव चांगलं आहे, तक्रार नाही. पण मला शकू म्हणणारी माणसं एकेक करून गेली. आधी आई, मग दादा, म्हणजे माझे वडील. शेवटी एक अण्णा उरले. अण्णांवर संशय घेणं मला परवडणारं नव्हतं ते यासाठी. हा एक माणूस खोटा निघाला, तर माझ्या माहेरचं खरं असं काही शिल्लकच राहत नव्हतं.

काकू गेल्या आणि अण्णा गल्ल्यावर गप्प बसायला लागले. त्याच सुमारास आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एका मोठ्या कंपनीचं कॉफीचं दुकान उघडलं, तसलंच, काचेच्या दाराचं आणि मऊ सोफ्यांचं. या दुकानांचा मला आधीपासून संशय. एवढ्या मऊ सोफ्यावर बसवून हे लोक कुणालाही उठायला सांगत नाहीत, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आमची जुनी गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे दिसू लागली. विनायक मारतहळ्ळीला राहतो, कंपनीत कामाला आहे. तो म्हणायचा, “ताई, तिथे एसी आहे, वायफाय आहे, टॉयलेट स्वच्छ असतं. दिल्लीत प्या नाहीतर इथे प्या, चव सेम. लोकांना सरप्राइज नको असतं.” मला ते पटत नसे. अण्णा मात्र या वादात पडत नसत. “सरी, बरं, जाऊ दे,” म्हणत आणि पेले पुसत.

मग कुणीतरी मला सांगितलं, की अण्णा दर गुरुवारी दुपारी हॉटेल नोकरांवर सोडून, धुतलेला शर्ट घालून, मेट्रो बदलून कुठेतरी जातात. विनायकला विचारलं तर म्हणाला, “देवळात जात असतील.” देवळं चामराजपेटेत काय कमी आहेत? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी काही त्यांच्या मागावर गेले नव्हते, हे नीट लक्षात घ्या. माझे दातांचे डॉक्टर इंदिरानगरला आहेत आणि त्यांनी मला गुरुवारची वेळ दिली होती. तासभर आधी पोचले म्हणून बसायला जागा शोधू लागले. शेजारी एक छोटा, हौशी कॅफे होता. तिथे मी पूर्वी एकदा गेले होते. मालक स्वतः टेबलाशी येऊन, या बिया कुठल्या डोंगरावरच्या आणि त्या कुणी हाताने वेचल्या हे डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि आपण “वा” म्हणेपर्यंत हलत नाही. एकट्या बाईला घटकाभर टेकायचं असतं, तेवढ्यासाठी कोण इतकं कौतुक करत बसेल? मी सरळ पलीकडच्या कंपनीच्या दुकानात शिरले. म्हणजे मीही त्यातलीच.

कोपऱ्यात बसले आणि काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, “वत्सला!” कुणी उठलं नाही. “वत्सला!” परत शांतता. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावरून एक म्हातारे गृहस्थ सावकाश उठले, काउंटरवर गेले, कॉफी घेतली आणि एक रिकामा कप मागून घेतला. ते दत्ताअण्णा होते.

अण्णा टेबलाशी परतले, कॉफी दोन कपांत अर्धी-अर्धी ओतली, एक कप समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला आणि दुसरा स्वतःपुढे घेतला. आता ही वत्सला कोण? मी बाथरूमच्या दाराकडे नजर लावून बसले. ते दार उघडलं, बंद झालं, कॉलेजची दोन पोरं बाहेर आली, एक गरोदर बाई आत गेली. अण्णांच्या टेबलाकडे कुणीच वळलं नाही. शेवटी न राहवून मीच गेले.

“अण्णा?”

ते दचकले, पण क्षणभरच. “शकू! ये, बस स्वल्प.” समोरची खुर्ची दाखवली आणि तो दुसरा कप माझ्याकडे सरकवला. “घे.”

“कुणाची आहे ही?”

“कुणाची नाही. निवतीय, पी.”

मी कपाला हात लावला नाही. “अण्णा, घरी पितळेचं भांडं भरून कॉफी असते. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे काय चाललंय?”

ते हसले. हसले ते मला मुळीच आवडलं नाही. “आपल्यात माणूस आला की मी काय करतो? आईची तब्येत विचारतो, पोरीचं विचारतो. मायेनंच विचारतो ग. पण तो बिचारा कॉफी प्यायला आलेला असतो, जबाब द्यायला नव्हे. इथं फक्त नाव विचारतात. सांगेल ते नाव लिहून घेतात. खरं काय नि खोटं काय, कुणाला पडलंय? लोक इथं का येतात ते मला आत्ता कळलं बघ.”

“आणि तुम्ही खोटं नाव सांगता?”

अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. “खोटं नाही,” म्हणाले. मग त्यांनी तो दुसरा कप ओढून घेतला आणि निवलेली कॉफी संपवली. कॉफी टाकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यानंतर वर्षभर माझं डोकं कामाला लागलं. सुतावरून स्वर्ग गाठण्यात माझा हात कुणी धरणार नाही. वत्सला ही इंदिरानगरात राहणारी कुणी विधवा असणार. ती आधी येऊन गेली असणार, किंवा मला बघून बाहेरच्या बाहेर पसार झाली असणार. आणि काकूंना जाऊन किती दिवस झाले होते? आणि त्या असताना? विनायकला मी यातलं काही सांगितलं नाही, पण चामराजपेटेला जाणं आपोआप कमी झालं. गेलेच तर अण्णा “शकू” म्हणून हाक मारायचे आणि मला वाटायचं, ही हाक खरी आहे का? की गिऱ्हाइकाला मारतात तसली? एक प्रश्न मात्र मला शेवटपर्यंत सुटत नव्हता. रस्त्यावर उभं राहून दूध उतू जाताना ऐकणारा माणूस, त्याला दहा पावलांवरची हाक दोनदा ऐकू येत नाही?

तेराव्याला चिकोडीहून नलूमावशी आल्या, म्हणजे काकूंची धाकटी बहीण. थकल्या आहेत, पण आवाज खणखणीत. भिंतीवर काकूंच्या फोटोशेजारी अण्णांचा फोटो लावला होता. दोन्हींकडे बघून त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “वत्सीच्या मागनं गेले बघा भावोजी.”

माझ्या हातात लाडवांचं ताट होतं. “कुणाच्या मागनं?”

“कुणाच्या म्हणजे? आमच्या वत्सलेच्या. तुमच्यात येऊन रुक्मिणी झाली की ती. तुझ्या आजीनं नाव आधीच ठरवून ठेवलेलं. तू तेव्हा परकर सावरत पळत होतीस, तुला कुठलं आठवायला!” मग त्या ओल्या डोळ्यांनीच हसल्या. “बघायला आले तेव्हा भावोजींनी एकच प्रश्न विचारला होता. नाव काय? ही लाजून लाजून इतकी हळू बोलली, की भावोजी म्हणाले, ऐकू नाही आलं. परत सांगितलं, परत म्हणाले, ऐकू नाही आलं. तिसऱ्यांदा माझा बाप ओरडला आतनं, वत्सला म्हणून! आम्ही पोरी किती दिवस हसत होतो, नवरा बहिरा आहे म्हणून.”

मी ताट खाली ठेवलं. मला रडू आलं, आणि रडता रडता स्वतःचा रागही आला. वर्षभर मी ज्या बाईला बाथरूमच्या दाराआड शोधत होते, तिच्या हातची आमटी खाऊन मी मोठी झाले होते. आमच्या घरात अण्णांखेरीज काकूंचं माहेरचं नाव आता कुणाला ठाऊकच नव्हतं. अण्णांना ते ऐकायचं होतं. ते आमच्या हॉटेलात कसं ऐकणार? तिथे त्यांनी ते नुसतं उच्चारलं असतं, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चामराजपेटेने, “अण्णा, ही वत्सला यारु, कोण?” असं कानडी-मराठीतून विचारून जीव खाल्ला असता. आणि माझ्यासारख्या पुतण्या असल्यावर तर बघायलाच नको.

परवा मला परत दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. वेळ गुरुवारची मी मागून घेतली, हे कबूल करते. दुकानात काउंटरवर तीच मुलगी होती. माझ्याकडे निरखून बघत तिने कानडीतून विचारलं, “तुम्ही त्या अंकलबरोबर बसला होता ना? वत्सला अंकल? बऱ्याच दिवसांत आले नाहीत.” तिला वाटलं होतं, वत्सला हे आमचं आडनावच असावं. मी म्हटलं, आता येणार नाहीत. तिचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक आठवणीत ठेवायला त्यांना कंपनी शिकवते, मला माहीत आहे. चेहरा कसा उतरवायचा हेही शिकवत असतील. तरी मी तिथे काही बोलले नाही. तिने कॉफी टिपून घेतली आणि मी न सांगता म्हणाली, “एक रिकामा कप?” मी मान हलवली.

“आणि नाव, मॅडम?”

अनघा म्हणायला मी तोंड उघडलं होतं...

नंतर खिडकीजवळच्या त्या टेबलावर जाऊन बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. यंत्राचा आवाज चालला होता, लोक आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात काउंटरवरून स्वच्छ, मोठ्या आवाजात हाक आली, “शकुंतला!”

मला ऐकू आलं होतं. तरी मी उठले नाही. तिने आणखी एकदा हाक मारावी म्हणून तशीच बसून राहिले.