बुजवलेला वारा

रफूताईचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहाच्या त्या लांबलचक इमारतीत दारावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला रफूताईच म्हणत. तिची आई लोकांच्या लोकरी कपड्यांना रफू करायची, आणि ही फिल्मना. जुन्या फिल्म यायच्या त्या फाटून, चिकटून, चरे पडून. चरा म्हणजे पडद्यावर पांढरी रेघ. रफूताई टेबलाच्या काचेखालचा दिवा लावायची, डोळ्याला भिंग चढवायची आणि तीन केसांच्या कुंचल्यानं त्या रेघेत शेजारचाच रंग भरायची. रेघ कुठे होती ते नंतर तिचं तिलाही सापडू नये! या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

घरी मात्र कौतुकाच्या नावानं शंख. नवरा म्हणायचा, सरकार हिला कार्टूनचे सदरे शिवायला पगार देतं. नणंद विचारायची, अगं, त्या उंदरामांजरांना देशाचा ठेवा काय म्हणायचं? त्यावर रफूताई फणकारायची. ज्या चित्रांपुढे दोन पिढ्या मांडी घालून बसल्या, हसल्या, रडल्या, तो ठेवा नाही तर काय? हे ती दाखवायला बोलत नसे, तिला मनापासून तसं वाटायचं. म्हणून तर पुढे जे झालं ते तिला इतकं लागलं.

त्या वर्षी कायम जपायच्या फिल्मच्या यादीत एक सात मिनिटांचं कार्टून आलं. एक म्हातारी गच्चीवर कपडे वाळत घालते, वारा सुटतो, कपडे उडतात आणि ती त्यांच्यामागे गावभर धावते. बस, एवढीच गोष्ट. पण शाळाशाळांतून ती दाखवली गेली होती आणि म्हातारी कशी धावते याची नक्कल अर्ध्या देशाला येत होती. प्रत मात्र एकच उरली होती. तीही आकसलेली, प्रोजेक्टरवर चढण्यासारखी नव्हतीच. ज्यानं ती काढली तो चित्रकार ऐंशीच्या पुढचा, दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायचा.

संग्रहात एक नियम होता. दुरुस्तीला हात लावायच्या आधी फिल्म एकदा चालती बघायची. आकसलेल्या फिल्मसाठी हातानं फिरवायचं एक यंत्र होतं, पण त्याला नंबर लावावा लागे, आणि रफूताईचा नंबर होता आठ दिवसांनी. तिला कुठला एवढा धीर! चरे काय चालवून बघायचे असतात, असं तिनं साहेबांना विचारलं. साहेबांनीही तिच्या हाताकडे बघून मान डोलावली. आठ दिवस हो, फक्त आठ दिवस.

कपडे उडतात त्या दोन मिनिटांत चऱ्यांचा नुसता सुळसुळाट होता. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे जवळजवळ तीन हजार चित्रं, आणि प्रत्येकावर दहा-वीस रेघा. एक गोष्ट तेव्हाच तिच्या नजरेला आली होती, आणि खरं दुखणं तेच आहे. यंत्रात पडलेले चरे उभे असतात, फिल्मच्या लांबीनं. हे तिरपे होते. त्या शाळांतल्या मास्तरांनी फिल्म कशी हाताळली असेल देव जाणे, असं मनाशी म्हणून तिनं कुंचला उचलला. पाच महिने मान वर केली नाही. शेवटचा चिमटा लागून वारा सुटतो तिथेच फिल्म फारच फाटली होती, तिथली तीन चित्रं कापावी लागली. कापलेला तुकडा फेकायचा नाही, हा तिथला दुसरा नियम. तो मात्र तिनं पाळला. तुकडा पाकिटात घालून डब्यात ठेवला.

मग या दुरुस्त फिल्मवरून नवी, चालणारी प्रत निघाली. पहिल्या खेळाला चित्रकाराला बोलावणं गेलं आणि मुलगी त्यांना हाताला धरून घेऊन आली. छोट्या सभागृहात वीसेक माणसं होती. रफूताई ठेवणीतले कपडे घालून मागच्या रांगेत बसली. ती फिल्म चालताना ती पहिल्यांदाच बघत होती. म्हातारीनं चिमटे लावले, आणि कपडे उडाले. लोक हसले. रफूताई मात्र हसली नाही. कपडे आपले आपणच उडत होते, अंगात आल्यासारखे.

दिवे लागले. चित्रकारआजोबा उठले नाहीत. त्यांनी साहेबांना विचारलं, "वारा कुठाय?"

साहेबांना काही उमगेना. तेव्हा आजोबांनी सगळं सांगितलं. फिल्म तयार झाली तेव्हा वारा काढायचा राहूनच गेला होता आणि मुदत संपत आली होती. त्यांच्या बायकोला चित्र काढता येत नव्हतं. तिनं तयार प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली, शिवणाची सुई घेतली आणि एकेका चित्रावर वारा ओरखडला. आयुष्यात तिनं काढलेलं तेवढंच. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आपण आलोय ते तेवढंच बघायला, असं आजोबा म्हणाले.

साहेबांनी सारवासारव सुरू केली. प्रत जुनी, काळानं काही भाग पुसला जातो, वगैरे. रफूताई गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. ती उठली.

"काळानं नाही," ती म्हणाली. "मी बुजवला. चरे समजून."

"सगळा?" आजोबांनी विचारलं.

"सगळा. एक रेघ सोडली नाही."

ती शिव्यांची वाट बघत होती. त्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काम स्वच्छ आहे हो तुमचं," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. जन्मभर हेच ऐकायला ती आसुसलेली असायची, आणि आता तिथून पळून जावंसं वाटत होतं. पळाली ती कोठारात. पाकीट घेऊन परत आली आणि भिंग आजोबांच्या हातात दिलं. त्या तीन चित्रांवर तिचा कुंचला फिरला नव्हता. आजोबांनी तुकडा दिव्यासमोर धरला, एकेक तिरपी रेघ बघितली, पुन्हा पहिल्यापासून बघितली. साहेब म्हणाले, ताईंचा हात चांगला आहे, सुईनं पुन्हा काढून देतील. आजोबांनी मान हलवली. मग तो यांचा वारा होईल, म्हणाले. तुकडा मुलीनं घरी न्यायला मागितला, तर तोही त्यांनी तिथेच ठेवायला सांगितला. घरी हरवेल म्हणाले. दोन वर्षांनी ते गेले.

पुढे फिल्म संगणकात उतरवून घ्यायचं यंत्र आलं. रफूताई साहेबांच्या मागे लागली आणि ती तीन चित्रं त्यांच्या जागी बसवून घेतली. नोंदकार्डावर तिनं आपल्या हातानं, खऱ्या नावासकट लिहिलं की इथे वारा होता आणि तो आपण बुजवला.

आता ती निवृत्त आहे. वर्षातून एकदा ती फिल्म दाखवतात तेव्हा न चुकता जाते. तीन चित्रं म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. कुणाला पत्ताही लागत नाही. नवरा एकदा बरोबर आला होता, त्याची नेमकी पापणी लवली. रफूताई मात्र म्हातारीनं शेवटचा चिमटा लावला की खुर्चीचा हात घट्ट धरते आणि डोळे फाडून बसते, पापणी लवू देत नाही.