वहिनींच्या हातचं

दादाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय असं समजू नका — तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा पोटाच्या दुखण्यापाशी येऊन थांबलो. पोटाबद्दल लिहायची लाज वाटते, असं स्वतःला सांगत राहिलो. पण लाज पोटाची नव्हतीच, हे कळायला इतकी वर्षं लागली का?

नाही. तेव्हाच कळलं होतं.

आमचं घर मूळचं उदगीरकडचं, शेतीवरचं. दादा आधी हैदराबादला आला, एका छापखान्यात लागला आणि नारायणगुड्याच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहू लागला. मग मी आलो, मग आई. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. बी.कॉम. झालो तेव्हा आईनं गल्लीभर साखर वाटली. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, लपवत नाही. पण त्या पदवीमागे कोण होतं तेही सांगतो. दादाची बायको, आमच्या वहिनी. शिक्षण चौथी. मी पाठ म्हणायचो तेव्हा पुस्तक त्यांच्या हातात असायचं. इंग्रजी येत नव्हतं, तरी ओळीवर बोट ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. घाईत मी ओळ गाळली की म्हणायच्या, "भावजी, माझं बोट अजून इथंच आहे."

पोट बिघडलं ते शेवटच्या वर्षाला. जेवलं की पीळ पडायचा, ढोलासारखं फुगायचं, मग धाव. कधी दिवसातून पाच वेळा, कधी दोन दिवस काहीच नाही. तीन बिऱ्हाडांत मिळून एक संडास. सकाळी रांग असायची, आणि पदवीधर होऊ घातलेला माणूस हातात डबडं घेऊन घामानं निथळत उभा. वहिनी पुढं जाऊन म्हणायच्या, "जरा आमच्या भावजींना जाऊ द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी घरातली चिंच बंद केली, मिरची बंद केली. अंबाडीची भाजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण — वर्षभर घरात आणली नाही. सगळ्यांनी माझ्यासाठी फिकं खाल्लं. आणि खरं सांगतो, हळूहळू मला बरं वाटू लागलं होतं.

मग हिमायतनगरला नोकरी लागली. कॉम्प्युटर विकणारी कंपनी, काचेचं दार, थंड हवेचं मशीन. परदेशी कोला देशात परत आला होता तो काळ. हपीसात लाकडी क्रेटच्या क्रेट यायच्या. साहेब पुण्याचे, बाकीचे दोघे मुंबईचे. दुपारी बाटली हातात घेऊनच बोलायचे. मला म्हणाले, "घ्या हो, आता काय बंदी आहे का?" काय सांगणार होतो मी? की माझी आतडी ऐकत नाहीत? की माझ्या गल्लीत संडासाला रांग असते? बाटली घेतली. थंडगार, नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी — आणि मग एक लांब ढेकर. वाटलं, पोट मोकळं झालं. आमच्या गोडाऊनचे खालिदभाई हसून म्हणाले, "पी लेव मियाँ, डकार आई तो समझो सब हज़म." मला ते पटलं. पटायलाच हवं होतं.

रोजची एक झाली, मग दोन. बुचाच्या आत चित्र निघायचं, ठरावीक चित्रं जमली की बक्षीस, म्हणून ती पत्र्याची बुचं मी पँटच्या खिशात टाकायचो. बक्षीस कधी लागलं नाही. घरी पोचेपर्यंत पोट टम्म झालेलं असायचं, आणि नेमकं तेव्हाच वहिनी ताट वाढायच्या. दोन घास जात नाहीत तोवर पीळ. घरच्यांना काय दिसायचं? वहिनींचं ताट, आणि लगेच माझी धाव.

रविवारी हपीस बंद. रविवारी पोट शांत. आणि रविवारी मी तिन्ही वेळा वहिनींच्याच हातचं जेवायचो. हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही?

दादानं डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हातारे, चांगले होते. एकच प्रश्न विचारला — बाहेर काय पितोस? मी सांगितलं. ते म्हणाले, "आँत नाज़ुक है तुम्हारी. गॅस का ड्रिंक एकदम बंद. सोडा भी नक्को. घर का खाना खाओ, आराम हो जाता." एवढंच. घरी आलो तर आई, दादा, वहिनी तिघं वाट बघत बसलेले. आईनं विचारलं, काय म्हणाले रे? आणि मी ती एक ओळ गाळली. म्हणालो, "खाण्यातलं काहीतरी बाधतंय म्हणाले."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. पण या वेळी पुस्तक त्यांच्या हातात नव्हतं.

"बाधतंय" हा शब्द आमच्याकडे साधा नाही. पदार्थ बाधला तर पदार्थ बदलतात. सगळे पदार्थ बदलून झाल्यावर उरतो तो हात. आठ दिवसांनी आई सुरू झाली. "काय घालतीस गं त्याच्या ताटात? माझं लेकरू वाळून चाललंय आणि तू वाढतीस!" गावाकडून आत्या आली, तिनं वहिनींचे तळवे उजेडात धरून बघितले. हसू नका, खरंच बघितले. पुढच्या महिन्यात आईनं चूल स्वतःकडे घेतली. वहिनींकडे धुणी, भांडी, झाडलोट राहिली. पोळपाटाला त्यांनी हात लावायचा नाही. तरी माझं पोट थांबेना, तर आई म्हणायची, ताटं-भांडी तीच घासते ना.

हे सगळं मी बघत होतो. आणि रोज दुपारी बाटली उघडत होतो.

इथवर भ्याडपणा म्हणा. पुढचं वेगळं आहे.

महालक्ष्म्या बसल्या होत्या. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक थोरल्या सुनेचा. त्या वर्षी थोरली सून दारात बसून फुलं निवडत होती आणि आई एकटी राबत होती. मी सकाळी हपीसात जाऊन आलो — सणाचं निमित्त, साहेबांनी सगळ्यांना पाजलं, मी दोन प्यालो. दुपारी पंगत बसली. पुरण, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, सगळं आईच्या हातचं. अर्ध्या पंगतीतून मला उठावं लागलं.

परत आलो. पाहुणे खाली मान घालून जेवत होते. सगळं आईनं केलेलं, तरी हे झालं. आता बोल वहिनींच्या हातावर राहत नव्हता. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका दिसली. तिनं वहिनींकडे बघितलं, आणि मला वाटतं तिला जरा वाईटही वाटलं असावं. तिनं मला विचारलं, "मग रे? आज तर तिनं कशालाच हात लावला नाही..."

दार उघडं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. खरंसुद्धा बोलायची गरज नव्हती — नुसतं गप्प!

मी म्हणालो, "आंबील वहिनींनी ढवळली."

ढवळली होती. आईचा हात भरून आला म्हणून आईनंच पळी त्यांच्या हातात दिली होती, मिनिटभर. शब्द खरा होता. पाहुण्यांसमोर आईनं आंबिलीचं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं. देवीपुढचा नैवेद्य. वहिनी फुलांच्या टोपलीवरून उठल्या नाहीत. रडल्याही नाहीत. माझ्याकडे बघत होत्या, ओळ गाळल्यावर बघायच्या तशाच.

दिवाळीच्या आत दादानं दिलसुखनगरला खोली घेतली. सामान निघालं त्या दिवशी वहिनींनी माझ्या फळीवर पावडरचा एक जुना डबा ठेवला. म्हणाल्या, "भावजी, हे तुमचं. धुण्यात निघायचे." मी डबा उघडला. आत बुचं. सगळी. धुऊन, पुसून, कोरडी केलेली.

तुम्हाला वाटेल मी तिथंच पाया पडलो असेन. नाही. मला राग आला. दगा झाल्यासारखं वाटलं — ही बाई एवढे दिवस माझे खिसे बघत होती, सगळं जाणून होती आणि बोलली नाही! बघा, त्या घरात दगा कुणाला दिला गेला होता आणि तो झाल्यासारखं वाटत कुणाला होतं. तो डबा त्यांनी एकदा, फक्त एकदा आईपुढं उपडा केला असता तर त्यांची चूल त्यांच्याकडे राहिली असती. माझी अब्रू गेली असती, बस्स. त्यांनी दादालाही सांगितलं नाही. दादाला अजून वाटतं, सासू-सुनेचं पटलं नाही.

कोला मी पुढं सोडला. पोट बरं झालं. आई गल्लीत सांगायची, "थोरली गेली आणि लेकराच्या अंगाला लागलं." मी ऐकून घ्यायचो.

शेवटचं सांगतो. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझ्याकडे होती. खाणं सुटलं होतं. वहिनी दिलसुखनगरहून बस बदलून आल्या, स्टीलच्या डब्यात तांदळाची पेज घेऊन. उशाशी बसल्या, चमचा आईच्या ओठाशी नेला. आईनं तोंड मिटून भिंतीकडे फिरवलं. बोलायचं बळ नव्हतं तिच्यात, पण तेवढं बळ होतं. वहिनींनी चमचा तसाच धरून ठेवला. त्यांनी आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "द्या वहिनी, मी भरवतो."

तीच पेज, तोच चमचा. माझ्या हातून आईनं ती सावकाश संपवली. वहिनींनी डबा उचलला, मोरीवर नेला, विसळला, पिशवीत घातला आणि बसच्या वेळेला निघाल्या. त्यानंतर आई चार दिवस होती. चारही दिवस ती शुद्धीवर होती, तिला ऐकू येत होतं, आणि मी तिच्या उशाशी बसून होतो.

मी काही बोललो नाही.