दसऱ्याला घेतलेलं धुराचं माप

कागद जवळजवळ पांढराच राहिला. राघवन साहेबांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास. रिपोर्ट टाइप करायला द्या."

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून बंगलोरला एका सरकारी प्रयोगशाळेत राघवन साहेबांच्या हाताखाली इंजिनिअर म्हणून गेलो होतो. चामराजपेटेतल्या एका चढावर डिझेलच्या छोट्या व्हॅन किती धूर सोडतात, याचा अंदाज कॉर्पोरेशनने मागितला होता. पद्धत सोपी. सायलेन्सरच्या तोंडाशी हातपंप लावायचा, धूर गाळणकागदातून ओढायचा आणि डाग किती काळा पडला ते करड्या-काळ्या छटा छापलेल्या शेडकार्डाशी ताडून पाहायचं. एका गाडीचा धूर कळला की गाड्यांच्या वर्दळीवरून सगळ्या रस्त्याचा अंदाज बांधता येतो.

तक्रार होती कृष्णाक्कांची. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, बोलण्यातली मराठी कानडीत मुरलेली. त्या चढावर त्यांचं प्रसूतिगृह होतं आणि व्हॅन बरोबर बाळंतिणींच्या खिडकीखालून जायच्या. धूर सिद्ध झाला तरच गाड्या दुसरीकडून वळवू, असं कॉर्पोरेशनने बजावलं होतं.

निकाल सांगायला मीच गेलो. अक्का मला आत घेऊन गेल्या. बाहेर बंगलोरचा गार वारा, आणि खोलीत खिडक्या बंद करून बाळंतिणी घामाने निथळत होत्या. एक तान्हं खोकत होतं. अक्कांनी ओल्या फडक्याने खिडकीची कड पुसली आणि काळंकुट्ट फडकं माझ्यापुढे धरलं.

"सकाळीच पुसलं होतं, अण्णा. स्वल्प, जरा हेही तुमच्या कागदाला दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आलो तर समोरून त्यातलीच एक व्हॅन आली. बॉनेटवर कुंकू, पुढे बांधलेले केळीचे खुंट सुकून लोंबत होते. तिथेच कपाळावर हात मारला.

आपल्याकडची खंडेनवमी ती तिथली आयुधपूजा. पूजेआधी गाडी नुसती धूत नाहीत. गॅरेजात नेऊन फिल्टर, नोझल सगळं साफ करतात. नोझल म्हणजे डिझेलचा फवारा मारणारी तोटी. ती तुंबली की डिझेल थेंबाथेंबाने पडतं, नीट जळत नाही आणि काजळी होते. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? नवं काम शुभदिनी सुरू करावं म्हणून नेमकं दसऱ्याला, पूजेच्या दुसऱ्याच दिवशी माप घेतलं. तेही व्हॅनमालकाच्या आवारात, रिकाम्या गाड्यांचं; ओझं घेऊन चढ चढताना सुटणारा धूर त्यात येणारच नव्हता. आमच्या पंपालासुद्धा हळदकुंकू लागलं होतं! सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण पूजेला सर्व्हिसिंग कोण म्हणणार?

साहेबांना सांगितलं तर ते तडकले. मुहूर्तावर धरलेलं काम, निकाल चांगला, वर कॉर्पोरेशनची घाई.

"दसऱ्याला सुरू केलेलं काम मोडायचं म्हणता?"

"मोडत नाही साहेब. अजून संपलेलं नाही, एवढंच म्हणतोय."

शेडकार्ड बाजूला सारून ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण तुम्ही स्वतः जायचं."

नोझल पुन्हा रोजच्यासारखे मळू दिले आणि कार्तिक उलटल्यावर गेलो. भरल्या व्हॅनमध्ये तांदळाच्या पोत्यांवर बसलो, सायलेन्सरला नळी बांधली आणि चढ चढताना पंप ओढला. कागद तव्याच्या बुडासारखा निघाला. पुढच्या गाडीचाही तसाच, त्यापुढच्या गाडीचाही. साहेबांनी या वेळी कागद उलटा करून पाहिला नाही. सरळ सही केली.

व्हॅन मोठ्या रस्त्याने वळल्या. मालकाने आम्हाला शिव्या घातल्या, त्या रीतसर आमच्या कानावर आल्या. पुढे एकदा त्या चढावरून गेलो, तर अक्कांच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आतल्या पोरांचं रडणं पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. फार बरं वाटलं.

पूजेला माझी ना नाही. अजूनही करतो. फक्त माप घ्यायला शुभ दिवस पाहू नये. चांगला कळकट, कामाचा दिवस पाहावा.