सीमेवरचं गेट आणि दोघांची कुलपं

"गेट उत्तम आहे. पण आमच्या माणसांचा जीव तुमच्या खिशात ठेवायचा का?"

शेजारच्या देशाचे मुख्य इंजिनीअर रोह्याच्या आमच्या कारखान्यात उभं राहून विचारत होते. सीमेवरच्या नदीवर बांध आपल्या हद्दीत, त्याचं गेट आम्ही बनवलेलं, खालची गावं त्यांची. दोन्ही देशांचं सख्य किती, ते सर्वांना ठाऊक आहे. भांडण पेटलं आणि आपण गेट उघडलं तर? ते नाही म्हणाले की ऑर्डर रद्द, आणि वेल्डिंगची एक शिफ्ट बंद.

मी डिझाइनची प्रमुख. तयारीत होते. "दोन कुलपं आहेत सर, एक तुमचं, एक आपल्या सरकारचं. दोन्ही निघाल्याशिवाय हॉइस्ट, म्हणजे गेट उचलणारी मोटर, सुरूच होत नाही. मोठा पूर आला तर पाणी सांडव्यावरून आपोआप जातं."

"कुलपं बनवली कोणी?"

"आम्हीच."

"मग आमची डुप्लिकेट चावी तुमच्याकडे."



धर्माकाका आमचे जुने फिटर, माझ्याच गडब गावचे. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाय, उघाडीवर दुसऱ्या गावाचं कुलूप आपुन कधी आणलंय? नाय ना? ज्याचं त्यानं आणायचं."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. एका गावाला भात पिकवायचं असतं, दुसऱ्याला खारं पाणी आत घेऊन मासळी धरायची असते. म्हणून दारावर दोघांची कुलपं. माझी कल्पना तिथूनच उचललेली, आणि नेमकी निम्मी विसरलेली! स्वतःचीच लाज वाटली.

दुपारपर्यंत आमची कुलपं काढून टाकली. मोटरच्या स्विचपेटीला दोन भोकांची पोलादी पट्टी बसवली. "सर, कुलूप तुमच्या देशातून आणा. चावी आम्हाला दाखवूही नका."

त्यांनी लगेच आपल्या बॅगेचं कुलूप काढून तिथे लावलं. त्यांच्यासोबत आलेल्या आमच्या सरकारच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी शेजारी स्वतःचं लावलं. मग अधिकाऱ्यांनी आपलं काढून पेटीचं दार ओढलं. ढिम्म हलेना.

"ओढा, अजून ओढा," पाहुणे पहिल्यांदाच हसले. त्यांनी आपलंही काढलं. मोटर घुमली, गेट वर चढलं आणि अख्ख्या शॉपमध्ये शिट्ट्या वाजल्या. पाहुण्यांच्या देखत मीही एक मारली.

ऑर्डर त्याच संध्याकाळी पक्की झाली. शिफ्ट वाचली.

शेजाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे दिल्लीतली माणसं ठरवोत. आमच्या धंद्यात एवढंच, की त्याचं कुलूप आपण बनवायला जाऊ नये.