दुसऱ्या पायाशी आपलं काय काम?

"तोडा काढा म्हनं! माझ्या मढ्यावरनं काढा!" गजराआजी सिस्टरवर कडाडल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत हाडांचा डॉक्टर. कळसच्या या आजींचा उजवा खुबा मोडला होता. ऑपरेशन करून मी आत प्लेट बसवली. त्याआधी उजव्या पायातला चांदीचा तोडा उतरवला. डाव्यातला उतरवू देईनात. "राहू द्या, त्या पायाशी आपलं काय काम?" मी म्हणालो होतो. या वाक्याबद्दल मला पदक द्यायला हरकत नव्हती.

रोज राउंडला उजव्या पायावरची चादर सारायची, टाके बघायचे आणि स्वतःवर खूश व्हायचं, हा माझा क्रम. त्या सकाळी आजी म्हणाल्या, "डाक्टर, डाव्या पायात तोडा रुततोय."

"दवाखान्याचं जेवण मानवलेलं दिसतंय," मी म्हणालो. अख्खा वॉर्ड हसला. सिस्टरला सांगितलं, साबण लावून चोळा आणि ओढून काढा. त्यावरूनच आजी कडाडल्या.

मग मीच साबण घेऊन बसलो. पोटरीला हात लागला तशी त्यांनी किंकाळी फोडली. पोटरी गरम होती, टणक. टेप लावली तर उजवीपेक्षा चांगलीच जाड. साबण खाली ठेवला. "आता कुणी हा पाय चोळायचा नाही."

त्यांचा मुलगा बापू तापला. "आपरेशन उजव्याचं, आन् दुखनं डाव्यात? तुमीच कायतर केलं असंल."

"बापू, शेताला पाणी आणणारी चारी तुंबली की काय होतं?"

"गाळ बसतो."

"पडून राहिल्यानं आईच्या शिरेत रक्ताचा तसाच गाळ बसला असावा. डीव्हीटी म्हणतात. त्यातला तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर माझ्या हातात काही राहत नाही."

"मंग आता?" बापूनं विचारलं.

हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, द्यावं तर टाके ताजे, तिथून रक्त जाणार. न द्यावं तर फुप्फुसाची भीती. पुण्याला माझ्या सरांना फोन लावला.

"रोज दोन्ही पाय बघत होतास?"

"एकच, सर."

"एका पायाची फी घेतली होतीस का? हेपॅरिन चालू कर आणि डॉपलरला इकडे घेऊन ये."

डॉपलर म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय की अडलंय, हे दाखवणारं मशीन. ते तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

निघण्याआधी रुतलेला तोडा कापायला सराफाचा कारागीर आला. आजींनी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. बापू खाटेजवळ वाकला. "आये, तोडा परत जोडता येतोय."

 आजींनी डोळे मिटले आणि पायच कापू द्यावा तसा तोडा कापू दिला.

ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्या उशाशी बसलो. खड्डा आला की आधी त्यांचा श्वास बघायचो, मग माझा घ्यायचो. डॉपलरमध्ये रक्ताची गाठ मांडीपर्यंत दिसली. हेपॅरिननं टाक्यांतून थोडं रक्त पाझरलं, पण जखम टिकली. गाठ जागची सुटली नाही. काही आठवड्यांनी आजी वॉकर धरून घरी गेल्या.

तोवर मला एवढं कळलं होतं: ऑपरेशन एका पायाचं असतं, अंथरुणाला मात्र दोन्ही खिळतात.